शेकू आणि खिडकीतला तांबट

दादाच्या लेकीने परवा फोनवर विचारलं, "आत्या, पप्पा आता येणार नाहीत, हे शेकूला ठाऊक होतं का गं?" शेकूला जाऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. नुसतं 'नाही' म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण ही मुलगी तिच्या बापासारखी आहे, अर्धवट उत्तराने तिचं समाधान होत नाही. "लिहून पाठवते," असं म्हटलं. ते हे.

शेकू आमच्याकडे आला जुलै २०१८च्या पुरात. वसईकरांना तो पूर वेगळा सांगायला नको. ९ आणि १० तारखेला पाऊस असा कोसळला की वसई-विरारचे रूळ पाण्याखाली गेले, नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या वडोदरा एक्स्प्रेसमधल्या प्रवाशांना एनडीआरएफच्या बोटींनी बाहेर काढावं लागलं, मिठागरातली वस्ती चहूबाजूंनी पाण्यात अडकली आणि गावात वीज नव्हती. दादा चार पोरांबरोबर मिठागराच्या बाजूला बिस्किटं आणि पाणी पोचवायला गेला होता. परतला तेव्हा त्याच्या रेनकोटच्या आत काहीतरी वळवळत होतं. बांधावर सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू, अंगापेक्षा पायच जास्त. "शेकाट्या आहे हा," दादा म्हणाला. शेकाट्या म्हणजे मिठागराच्या उथळ पाण्यात लांबलचक गुलाबी पायांवर फिरणारा पक्षी. आईने दुसऱ्याच दिवशी त्याचा शेकू केला. बाबांनी "पाऊस थांबेपर्यंत राहू दे" असं बजावलं. पाऊस थांबला, शेकू राहिला.

आता दादाच्या फोटोंबद्दल सांगायला हवं, कारण शेकूची सगळी गोष्ट तिथेच अडकलेली आहे. दादा चर्चगेटला नोकरीला. सहा दिवस विरार लोकल आणि रविवार पक्ष्यांचा. पहाटे स्कूटर काढायची आणि भुईगावचा किनारा गाठायचा, कधी राजोडी, कधी नायगावची मिठागरं, पावसाळ्यात तुंगारेश्वरच्या जंगलात शीळकरी कस्तुराच्या मागे. पुढे २०२०मध्ये लोकल सामान्य माणसाला बंद झाल्या, त्याचं काम घरून सुरू झालं आणि निर्बंध सैल झाल्यावर त्या हिवाळ्यात तो जवळजवळ रोज किनाऱ्यावर जाऊ लागला.

काढलेला एक फोटो तो तिथूनच घरच्या ग्रुपवर टाकायचा. फक्त एक. ग्रुपचे नियम त्याचे होते: फुलांवर लिहिलेलं 'शुभ सकाळ' चालणार नाही, दुसऱ्याने काढलेला फोटो चालणार नाही आणि फोटोखाली तीन गोष्टी हव्यात. पक्ष्याचं नाव, जागा, वेळ. डोंबिवलीची मावशी या नियमांना कंटाळून महिनाभर रुसली होती. मी पुण्यात. रविवारी सकाळी उठून आधी तो फोटो बघायचा, हा माझाही नेम. एका हिवाळ्यात त्याने काळ्या डोक्याच्या कुरवाचे फोटो ओळीने पाठवले. डिसेंबरात त्या पक्ष्याचं डोकं पांढरं आणि कानामागे एक काळा ठिपका. फेब्रुवारीत त्या पांढऱ्यावर कोणी शाई सांडल्यासारखे डाग. मार्चमध्ये, परत उत्तरेकडे जायच्या वेळेला, डोकं अख्खं काळपट. "लग्नाचे कपडे चढवून निघालाय," असं त्याने तेव्हा खाली लिहिलं होतं. नाव, जागा, वेळ यांच्यापलीकडे चौथी गोष्ट लिहायची मुभा त्याने फक्त स्वतःला ठेवली होती.

आईला कमी ऐकू येतं. म्हणून दादाने तिच्या फोनवर या ग्रुपसाठी वेगळा आवाज लावून दिला. पहिल्यांदा टिटवीचा. "अभद्र कुठला, सकाळी सकाळी टिटवी ओरडवतो घरात," असं म्हणून आईने तो काढायला लावला. मग त्याने वाडीतल्या वडावर बसणाऱ्या तांबटाचा आवाज रेकॉर्ड केला आणि तो लावला. टुक, टुक, टुक. फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत, आवाज पूर्ण मोठा.

शेकूला खोड लागली ती या आवाजाची. खिडकीत तांबट वाजला की तो असेल तिथून उठायचा, अंग झटकायचा आणि फाटकाशी जाऊन बसायचा. कारण फोटो आला की मागोमाग दादाची स्कूटर यायची. हे त्याने कधी आणि कसं हेरलं, कोणालाच कळलं नाही. आईने मात्र लगेच फायदा घेतला. ती फोनकडे बघायचीच नाही. शेकू उठला की ती चहाचं आधण ठेवायची आणि दादा पाय धुऊन येईपर्यंत चहा कपात असायचा.

नवल पुढेच आहे. माघ-फाल्गुनापासून खरा तांबट वडावर दिवसभर ठोकत असतो. ऊन चढलं तरी थांबत नाही. शेकू त्याच वडाखाली पडलेला असायचा, पण त्याच्यासाठी त्याने कधी कानसुद्धा हलवला नाही. आम्हाला दोन्ही आवाज सारखे वाटायचे. मी एकदा सुट्टीत मुद्दाम परीक्षा घेतली. माझ्या फोनवर तेच रेकॉर्डिंग लावलं आणि वडाच्या मागे जाऊन उभी राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं, शेपटी एकदा आपटली आणि पुन्हा डोळे मिटले. माणसाला फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचं. फोनच्या आवाजात त्याला काय वेगळं लागत होतं ते तोच जाणे. त्याच्या लेखी खिडकीतला तांबट हाच खरा तांबट होता.

एप्रिल २०२१मध्ये दादाला कोविड झाला. दारात रुग्णवाहिका आली, तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन बसला. शेकू मध्ये येऊ नये म्हणून त्याला मागच्या खोलीत कोंडलं होतं. दादा परत आला नाही. त्याचं शरीरही घरी आलं नाही. त्या दिवसांत कोणाचंच येत नव्हतं. प्लास्टिकचे पोशाख घातलेल्या माणसांनी काय ते केलं. घरातलं कोणी जवळ जाऊ शकलं नाही. शेकूने काही पाहिलं नाही असं आम्ही म्हणायचो, पण पाहिलं आम्हीही नव्हतं.

ग्रुप गप्प झाला. वडावरचा तांबट त्या एप्रिल-मेमध्ये सबंध दिवस ओरडत होता आणि शेकू खाली मान टाकून पडलेला असायचा.

पुढे दादाची हार्डडिस्क माझ्याकडे आली. त्याने प्रत्येक फोटोच्या नावातच त्या तीन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. एका रविवारी सकाळी मी त्यातला एक कुरव उचलला आणि ग्रुपवर टाकला. फार विचार केला नव्हता. वसईत खिडकीतला तांबट वाजला. शेकू उठला, अंग झटकलं, फाटकाशी जाऊन बसला. आईच्या हातांनी आपसूक आधण ठेवलं.

पाच मिनिटांत वहिनीचा फोन. ती ओरडली नाही, तेच अधिक लागलं. "तू पुण्यात बसून फोटो टाकतेस. तो फाटकाशी बसलाय ते बघायला मी आहे इथे. मुक्या जिवाला फसवू नकोस." मी म्हटलं, फोटो दादाचे आहेत, ते डब्यात बंद करून ठेवण्यासाठी त्याने काढले नव्हते. ती म्हणाली, "मग छापून भिंतीला लाव." दुपारी आईचा फोन आला. तिने एवढंच सांगितलं, "महिनाभराने तो आपणहून उठला गं. पुढच्या रविवारी पण टाक."

मी टाकत राहिले. वहिनीने ग्रुप सोडला. मी हट्टी आहे असं आमच्या घरात पूर्वीपासून बोललं जातं, त्याला आता पुरावा मिळाला. तिचं म्हणणं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. आपलं सोडावंसंही वाटलं नाही.

बाबा निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांनी यात भावनेला जागाच ठेवली नाही. "पाव्हलॉव्ह," ते म्हणाले. "घंटा वाजते आणि अन्न येत नाही, असं वारंवार झालं की सवय आपोआप विझते. दोन-तीन महिने. भांडायचं कारण नाही." दादा गेल्यापासून बाबा त्याच्याविषयी अवाक्षर बोलले नव्हते. त्याचं नावही घेत नसत. 'स्कूटरची बॅटरी बघायला हवी' इतपतच.

दोन-तीन महिने झाले, सवय विझली नाही. गणपतीला घरी गेले तेव्हा कारण कळलं. रविवारी पहाटे मी माजघरातूनच फोटो पाठवला. तांबट वाजला, शेकू निघाला. त्याच्यामागून बाबा निघाले. हातातलं वर्तमानपत्र घडी करून काखेत, चष्मा कपाळावर. फाटकाच्या कडीवर हात ठेवून ते उभे राहिले, शेकू त्यांच्या पायाशी. रस्त्यावरून मासळीवाली गेली, दुधाची गाडी गेली, तिच्याकडे दोघांनीही एकदमच बघितलं. बाबांनी घड्याळ पाहिलं. भुईगावच्या किनाऱ्यावरून स्कूटरला जेवढा वेळ लागतो तेवढा होऊन गेल्यावर त्यांनी कडीवरचा हात काढला. "चल रे," म्हणाले. शेकू उठला आणि दोघे आत आले. आईने बाबांपुढे चहा ठेवला.

"तुमचा पाव्हलॉव्ह काय म्हणतो?" मी विचारलं.

"बरोबरच म्हणतो," बाबा म्हणाले. "घंटेनंतर काहीच आलं नाही तर सवय जाते. इथे येतं की."

"काय येतं?"

"मी," म्हणाले आणि पेपर उघडला.

यानंतर मी कधी रविवार चुकवला नाही. वहिनी ग्रुपवर परतली नाही, पण आई म्हणते, फोटो आला की आईच्या आधी तीच फोन उचलते. वहिनी हे कबूल करत नाही. आम्ही दोघी त्याविषयी बोलतही नाही. मावशीने मात्र एकदा स्वतः काढलेला, हललेला बुलबुल टाकला आणि खाली तिन्ही गोष्टी लिहिल्या.

यंदाच्या पावसाळ्यात शेकू आजारी पडला. शेवटच्या रविवारी मी वसईतच होते. फोटो शेकाट्याचाच निवडला होता: नायगाव मिठागर, सकाळचे सात. खिडकीत तांबट वाजला. शेकूने मान उचलली, पुढचे पाय रेटले, पण मागचे हलेनात. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग एकटेच भर पावसात फाटकापर्यंत गेले, छत्रीही न घेता. नेहमीइतका वेळ उभे राहिले. परत येऊन शेकूशेजारी खाली बसायला त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. बसले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नाही आला रे."

चार वर्षांत आमच्या घरात हे वाक्य कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. वहिनी दारात उभी होती. ती आत येऊन बाबांशेजारी बसली. त्यांनी दादाचं नाव घेतलं आणि मग ते दोघं खूप वेळ त्याच्याविषयीच बोलत होते, स्कूटरच्या बॅटरीविषयी नव्हे. शेकू दुसऱ्या दिवशी गेला. वाडीत, वडाखाली आहे.

तर बाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. शेकूला ठाऊक होतं की नाही, मी सांगू शकत नाही. मला वाटतं, तो दादासाठी फाटकाशी जात होता आणि बाबा येतात म्हणून परत जात होता. ठाऊक नव्हतं ते आम्हाला. म्हणजे होतं, पण तोंडाने म्हणता येत नव्हतं, आणि तोवर कोणीतरी दर रविवारी उठून फाटकापर्यंत जाणं गरजेचं होतं. ते काम त्याने केलं.

आणि ज्यांच्या घरी अशी हार्डडिस्क किंवा जुना कॅमेरा कपाटात पडून आहे, त्यांना एक सांगणं. ते फोटो बाहेर काढा. शक्य असेल तोवर नाव, जागा, वेळ लिहा. किनारे आणि मिठागरं आपल्या डोळ्यांदेखत बदलताहेत, उद्या तेवढीच नोंद उरेल. मग एकेक करून घरच्यांना पाठवा, एकदम ढीग नको. पण वहिनीचं म्हणणंही ध्यानात ठेवा. लांब राहणाऱ्याला फोटो पाठवणं सोपं असतं. फाटकाशी कोणी जाऊन बसत असेल, तर त्याच्याबरोबर उभं राहायला घरातल्याच माणसाला जावं लागतं.