अनामिक अवयव

हाताच्या पाच बोटांपैकी एकास आपल्या पूर्वजांनी ‘अनामिका’ म्हटले. ज्यास नाव नाही त्यास ‘बिननावाची’ हेच नाव देऊन मोकळे होण्याची ही युक्ती मोठी गमतीची खरी; पण त्या बिननावाच्या बोटाच्या वाट्यास दर्भाचे पवित्रक आले आणि सोन्याची अंगठीही आली. पुरुषदेहाच्या एका भागाची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्यास नावांचा तोटा मुळीच नाही. अलिबागच्या एस.टी. स्थानकावर पंधरा मिनिटे उभे राहिल्यास त्यांतील निम्मी तरी शिव्यांच्या रूपाने फुकट कानी पडतात. उरलेली वैद्यकाच्या ग्रंथांत संस्कृतचे सोवळे नेसून बसलेली असतात. परंतु पंधरा वर्षांच्या मुलास वडिलांपाशी, अथवा साठीच्या गृहस्थास डॉक्टरांपाशी, मान खाली न घालता उच्चारता येईल असा शब्द या दोन ढिगांत शोधू गेल्यास हाती काही लागत नाही.

झाडांच्या बाबतीत आमच्या किनाऱ्यावर ही अडचण नाही. चौल-रेवदंड्याच्या एखाद्या वाडीत शिरा. जायफळाचे नर झाड कोणते, मादी कोणते, आणि दहा माद्यांमागे एक नर कसा पुरतो, हे वाडीवाला बायकामाणसांदेखत खुशाल समजावून सांगेल. त्याच वाडीवाल्यास त्याच्या अंतर्गळाविषयी विचारून पाहावे. तो तत्काळ सुपारीच्या भावावर बोलू लागतो.

आणि लाजण्याजोगे त्यात आहे तरी काय? हृदय, मेंदू, यकृत ही मंडळी निसर्गाने हाडांच्या अथवा पोटाच्या आश्रयाने ठेवली. वृषणांस मात्र अंगणात ठेवले. कारण शुक्रजंतूंची घडण शरीराच्या आतील उष्णतेत नीट होत नाही. तिला दोनतीन अंश थंडावा लागतो. म्हणून थंडीत वृषणकोश आकसून देहाजवळ येतो आणि वैशाखात सैल पडतो. आतल्या केसासारख्या बारीक नळ्यांत शुक्रजंतू घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. मग ते ज्या नळीत परिपक्व होतात, ती वेटोळी सोडवून सरळ केली तर वीस फूट भरेल. ती राहते बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत. तेथून शुक्रवाहिनी त्यांस वर, पोटाच्या पोकळीत, मूत्राशयास वळसा घालून पुरःस्थ ग्रंथीपर्यंत नेते. ही ग्रंथी ऐन तारुण्यात श्रीवर्धनी रोठ्याहून थोडी मोठी असते आणि मूत्रमार्ग तिच्या पोटातूनच जातो. ज्यास आपण वीर्य म्हणतो त्यात शुक्रजंतूंचा वाटा शेकडा फार तर पाच. बाकीचा द्रव शुक्राशय व पुरःस्थ ग्रंथी पुरवितात. दाढीमिशा, आवाज आणि पुरुषी जोम ज्या रसामुळे येतात, तो तर या नळ्यांच्या वाटेस जातच नाही. वृषणांतून तो थेट रक्तात मिसळतो. हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, त्याचे काम पुढे पडणार आहे.

आमची हयात इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात गेल्यामुळे हा संकोच केवळ आपला आहे असे आम्ही म्हणणार नाही. डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने 1677 साली आपल्या भिंगाखाली शुक्रजंतू पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीस त्याने पत्र लिहिले, ते किती अवघडून! हा मजकूर किळसवाणा वाटल्यास प्रसिद्ध करू नये, अशी विनंती त्याने केली. शिवाय आपण तपासलेला द्रव कोणत्याही पापाने मिळविलेला नसून वैवाहिक जीवनातलाच आहे, असा खुलासाही जोडला. पत्र पुढे छापले गेले ते लॅटिनमध्ये. तेथे लॅटिनने जे केले तेच येथे संस्कृतने केले.

हा पडदा मराठीत ज्याने फाडला तो गणिताचा प्राध्यापक होता, याचे आम्हांस व्यवसायबंधू म्हणून कौतुक वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुरूडचे. अर्थात जंजिऱ्याचे मुरूड नव्हे, दापोलीकडचे. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, 1925 साली या कार्यापायी विल्सन कॉलेजातील नोकरी सोडली, आणि जुलै 1927 पासून 1953 सालच्या आपल्या मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचकांच्या प्रश्नांस सरळ उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला कर्वे हरले. आमच्या मते त्यांचा खरा अपराध एवढाच, की गणिती ज्या निर्विकारपणे त्रिकोणाविषयी बोलतो त्याच स्वरात ते देहाविषयी बोलले.

त्या मौनाची किंमत पुरुष देत असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. ती देतात बायका. पुरुषाची नसबंदी म्हणजे शुक्रवाहिनी तेवढी कापून बांधणे. पोट उघडावे लागत नाही, जोमाचा रस पूर्ववत रक्तात जात राहतो, आणि तीनेक महिन्यांनी वीर्य तपासून घेतले की काम झाले. तरीही 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील विवाहित स्त्रियांपैकी शेकडा 37.9 जणींनी शस्त्रक्रिया स्वतःवर करून घेतलेली आढळली. नवऱ्याने करून घेतल्याचे प्रमाण शेकडा 0.3. यास 1976 सालच्या सक्तीची दहशत काही अंशी कारण आहे, हे मान्य. पण ‘ताकद जाईल’ ही भीती त्या सालची नव्हे. ती अज्ञानाची आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांतही सुमारे निम्म्या ठिकाणी पुरुषाकडे काही ना काही उणे असते, आणि वीर्याची तपासणी ही सर्व तपासण्यांत सोपी. असे असता नवस कोणाचे, उपास कोणाचे आणि टोमणे कोणाला, हे आम्ही सांगावयास नको. आमच्याच आळीतील एका सुनेची पाच वर्षे अशी गेली. मुलास तपासणीस पाठवावे हे शेवटी सुचविले ते तिच्या सासूने, सासऱ्याने नव्हे.

आमचे एक स्नेही, सत्तरीचे, दोन वर्षे रात्री चारचार वेळा उठत होते. विचारल्यास ‘पोटाची तक्रार’ म्हणत. त्यांची पत्नी अंधारात पडल्यापडल्या त्यांच्या खेपा मोजी, परंतु तिलाही तो विषय काढता येईना. ऐन आषाढात एका रात्री लघवी साफ कोंडली. भर पावसात त्यांस घेऊन आम्ही अलिबागेस पोहोचलो, तेव्हा वेदनेने त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. तरुण डॉक्टरीणबाईंनी कुठे दुखते म्हणून विचारले, तर हे छातीपासून गुडघ्यापर्यंत हात फिरवून ‘इकडे सगळे’ म्हणाले! नळी घालून मूत्राशय मोकळे केल्यावर बाईंनी कागदावर आकृती काढली आणि ‘प्रोस्टेट वाढली आहे, कर्करोग आहे की नाही ते तपासू’ असे सांगितले. सुदैवाने तो नव्हता.

गावी परतल्यावर गृहस्थांत विलक्षण पालट दिसला. पारावर, वाचनालयात, पिठाच्या गिरणीत, जो भेटेल त्यास ते आपली ‘प्रोस्टेट’ सांगू लागले. एवढेच नव्हे, तर ऐकून दोघेतिघे समवयस्क त्यांजपाशी हळूच आपलेही रात्रीचे उठणे बोलले आणि त्यांतील एक खरोखरच अलिबागेस जाऊन आला. इंग्रजी शब्दास घरातले कोणी ओळखत नव्हते, म्हणून त्याची कोणास लाजही नव्हती. आमच्या भाषाभिमानास हे थोडे बोचले. एके संध्याकाळी आम्ही त्यांस मुद्दाम सांगितले, की यास मराठीत ‘पुरःस्थ ग्रंथी’ म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला, विसर्गाशी अडखळले, आणि म्हणाले, “प्रोफेसर, तुमचा शब्द पूजेला ठेवू. आम्हांला आपली प्रोस्टेटच बरी.”