कोंबडीचे गाव आणि पिल्लाचा भाऊ



आपल्या कोकणात माणसांना गावांवरून आडनावे पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. इंग्लंडात तशी नावे कोंबड्यांना पडली आहेत. डॉर्किंग हे गाव आणि डॉर्किंग ही कोंबडी. ऑर्पिंग्टन हे गाव आणि ऑर्पिंग्टन ही कोंबडी. ससेक्स तर सबंध परगणाच.

हे आम्हाला कळले नातवंडांमुळे. इथल्या बऱ्याच शाळांत वसंत ऋतूत वर्गात अंडी उबवायचे यंत्र आणून ठेवतात. २१ दिवस भरले की पिल्ले कवच फोडून बाहेर येतात. मुले ते डोळ्यांनी बघतात आणि घरी येऊन हट्ट धरतात, "आजी, आपण पण पिल्लं घेऊया ना!" आता पिल्लू म्हणजे पिवळा कापसाचा बोळा. ते कुठल्या जातीचे, कोंबडा की कोंबडी, पाहून काय कळणार? म्हणून आम्ही ठरवले की आधी या गावांना जाऊन यायचे, मग काय ते बघू.

डॉर्किंगला लंडनहून वॉटर्लू किंवा व्हिक्टोरियावरून गाडी मिळते. सरे परगण्यातले हे छोटे, टेकड्यांच्या कुशीतले गाव. डीपडीनच्या चौकात, गोल रस्त्याच्या मधोमध, सुमारे १० फूट उंचीचा धातूचा कोंबडा उभा आहे. २००७ साली तो बसवला. गावातले लोक गुपचूप त्याला टोपी घालतात, थंडीत मफलर गुंडाळतात. मुलांना तो इतका आवडला की हलायला तयार होईनात. खऱ्या डॉर्किंग कोंबडीची खूण म्हणजे तिच्या पायाला पाच बोटे. बाकी बहुतेक कोंबड्यांना चारच. दोन हजार वर्षांपूर्वी कोलुमेला नावाच्या रोमन लेखकाने पाच बोटांच्या कोंबड्यांची तारीफ केली होती, त्या ह्याच, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. बाळांनो, कुठे कोंबडी दिसली तर आधी तिची बोटे मोजा!

ऑर्पिंग्टन पूर्वी केंटमधले खेडे होते. १९६५ पासून ते लंडनच्या ब्रॉम्ली विभागात मोडते. विल्यम कुक नावाच्या एका कोचमनने १८८६ साली इथे काळी ऑर्पिंग्टन पुढे आणली. काळीच का? तर लंडनच्या धुरा-काजळीत पांढरी कोंबडी मळकी दिसे, काळीवर डाग दिसत नाही! मग १८९४ मध्ये बदामी रंगाची आली. ती गुबगुबीत, शांत, मुलांच्या मांडीवर बसणारी. गंमत अशी की कुकने ही जात केली ती मिनोर्का, लँगशान आणि प्लिमथ रॉक यांच्या मिश्रणातून. एक स्पेनकडची, एक चीनची, एक अमेरिकेची. तीन देशांचे रक्त आणि आडनाव मात्र ऑर्पिंग्टनकर. आपल्यासारख्या परदेशी येऊन राहिलेल्या माणसांना यात नवल वाटायला नको.

नाव-गावाचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. ब्रह्मा कोंबडीचे नाव ब्रह्मपुत्रेवरून, पण तिचे पूर्वज आले शांघाय बंदरातून. 'इंडियन गेम' तयार झाली कॉर्नवॉलमध्ये, आपल्याकडच्या झुंजीच्या असील कोंबड्यापासून. आजच्या ब्रॉयलरच्या पितृकुळात हीच जात आहे. म्हणजे शुक्रवारच्या रश्श्यातल्या कोंबडीत थोडा हिंदुस्थान आहेच म्हणायचा.

पण मुख्य प्रश्न पिल्लांचा. त्याचे उत्तर केंब्रिजमध्ये शोधले गेले. तिथले प्राध्यापक रेजिनल्ड पनेट यांचे नाव आपली नातवंडे शाळेत 'पनेट चौकोन' शिकताना ऐकतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात अन्नाची टंचाई होती. कोंबड्यांना दाणे घालून वाढवण्यापेक्षा नर-मादी पहिल्याच दिवशी ओळखता आले तर बरे, असा त्यांचा विचार. ही ओळख पिसांच्या रंगावरून पटते. रोड आयलंड रेड कोंबडा आणि लाइट ससेक्स कोंबडी अशी जोडी लावली, की मुली तांबूस निघतात आणि मुलगे फिकट पिवळे. जोडी उलटी लावली तर हे जमत नाही, आणि पुढच्या पिढीत खूण टिकत नाही. म्हणून पनेट यांनी १९२९ साली 'कॅम्बार' ही जात तयार केली. तिच्यात पिढ्यान् पिढ्या खूण टिकते. तिच्या मागोमाग आली लेगबार. क्रीम लेगबारच्या मादी पिल्लाच्या पाठीवर ठळक गडद पट्टा असतो. नर फिकट, डोक्यावर पांढरट ठिपका. मोठी झाली की डोक्यावर शेंडी येते आणि अंडी निळसर! दुकानात निळी अंडी दिसली तर ती याच घराण्याची असण्याचा संभव मोठा.

एवढे सगळे ऐकल्यावर आमच्या नातीने विचारले, "मग त्या फिकट पिल्लांचं, भावांचं, काय करतात?"

खरा प्रश्न हाच आहे. उबवलेल्या पिल्लांत निम्मे कोंबडे निघणारच. गावी जास्तीचा कोंबडा काजीकडे किंवा हज्जानकडे न्यायचा, तो कोशेर रीतीने कापून द्यायचा, आणि सणाला घरी रस्सा. इथे तसे नाही. कोशेर रीतीने कापणे फक्त मान्यता असलेल्या कत्तलखान्यात, परवानाधारक माणसाच्या हातूनच होते. घरी करणे कायद्याने बंद. पाळावा म्हटले तर पहाटे चारला आरवतो, शेजारी कौन्सिलकडे तक्रार करतात. आणि अंड्यांसाठीच्या जातींचे नर मोठ्या उबवणी केंद्रांत पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीने २०२२ पासून ही पद्धत बंद केली. मुलांना हे सांगावे की नाही, असे घरात दोन मते झाली. पण मुलीने सरळ विचारले होते, म्हणून सरळ सांगितले.

नात थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग नवीन पिल्लं नकोच."

उपाय सापडला. अंडी देणाऱ्या कारखान्यांतल्या कोंबड्या दीड वर्षाच्या सुमारास काढून टाकतात. ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट ही संस्था २००५ पासून अशा कोंबड्यांना घरे मिळवून देते. त्या बहुधा तांबूस संकरित, म्हणजे पनेटसाहेबांच्या त्याच 'तांबूस मुली'. ऐन उमेदीत वर्षाला ३०० च्या आसपास अंडी दिलेल्या. आता कमी देतील, पण देतील. आमच्याकडे तीन आल्या. पिसे झडलेली, ऊन कधी न पाहिलेली. आठवड्याभरात माती उकरायला लागल्या.

घ्यायचा विचार असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये एक कोंबडी असली तरी सरकारदरबारी नोंद लागते. स्कॉटलंडमध्ये १ सप्टेंबर २०२४ पासून. घरातला उरलेला भात घालायचा नाही! आपल्या स्वयंपाकघरातून गेलेली भाजीची सालेसुद्धा चालत नाहीत, रोगराईच्या भीतीने तो कायदा आहे. बागेतला पाला थेट घातला तर चालतो. खुराडे भक्कम हवे, लंडनचा कोल्हा कोकणातल्यापेक्षा धीट. अंडे वाटीत फोडून रक्ताचा ठिपका बघावा, हे आपल्या आया करीत तसेच. आणि शब्बाथला घातलेले अंडे त्या दिवशी खाऊ नये.

आपण जेवायला बसण्याआधी जनावराला खायला घालावे, ही आपली जुनी शिकवण. नात आता शाळेत जायच्या आधी बूट चढवून बागेत जाते, दाणे टाकते, मगच आपल्या टोस्टला हात लावते. सांगावे लागत नाही.