आधी काय वाचवायचे?

घरातली यंत्रे आवाजाने बोलतात. मिक्सरचा सूर बदलला की स्वयंपाकघरात लगेच कळते, पंखा कुरकुरला की तो तेल मागतोय हे कळते, पाण्याची मोटर कोरडी फिरत असेल तर तिची घरघर वेगळी येते. संगणकाच्या पेटीतला आवाज मात्र बहुतेक घरांत कुणी मनावर घेत नाही. चालू आहे ना, मग झाले! गेल्या पावसाळ्यात आमच्या पिरंगुटच्या घरात अशाच एका आवाजाने सगळ्यांना आठवडाभर कामाला लावले. त्यातून जे कळले ते वाचक भगिनी-बंधूंच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून लिहिते आहे.

मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. जुलैत ताम्हिणीकडून ढग उतरले की दिवस दिवस सूर्य दिसत नाही आणि वीज दिवसातून चार-पाच वेळा जाते-येते. यांचे फॅब्रिकेशनचे छोटे दुकान आहे, त्याचा हिशेब घरच्या संगणकावर असतो. आतली हार्ड डिस्क सहा वर्षांची, एक टीबीची. आधी मधूनच बारीक ‘टक्’ ऐकू यायचे. दोन दिवसांनी ‘टक्-टक्-टक्’, मग शांतता, मग पुन्हा तेच. एक फाइल उघडायला मिनिट लागू लागले.

माझा पुतण्या हिंजवडीत एका कंपनीत आहे. हिंजवडीही आमच्याच मुळशी तालुक्यातली. त्याला फोनवर तो आवाज ऐकवला.

“चाची, आधी बंद करा. मी येईपर्यंत चालू करू नका.”

“अरे, पंख्याचा असेल आवाज.”

“असेलही. पण पंखा बंद पडला तर बाजारातून दुसरा आणता येतो. डिस्क बंद पडली तर आतले काही बाजारात मिळत नाही.”

रविवारी तो आला आणि आधी त्याने आम्हाला ही वस्तू समजावून सांगितली. हार्ड डिस्कमध्ये धातूच्या किंवा काचेच्या गुळगुळीत चकत्या असतात, त्यांवर चुंबकीय थर असतो. आमच्यासारख्या साध्या डिस्कमध्ये त्या मिनिटाला ७,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरतात. माहिती वाचणारे टोक चकतीला टेकत नाही. काही नॅनोमीटर अंतर ठेवून हवेवर तरंगते. माणसाचा केस त्या अंतरापुढे हजारो पट जाड. अचानक वीज गेली की हे टोक घाईघाईने बाजूला आपल्या जागी जाते, त्याचाही ‘टक्’ आवाज येतो. रोज चार-पाच वेळा असे होणे त्या यंत्राच्या तब्येतीला बरे नाही.

१९५६ मध्ये आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा ते यंत्र टनभर वजनाचे होते. त्यात २४ इंची ५० चकत्या होत्या आणि मावत होती जेमतेम ५० लाख अक्षरे. आज मोबाइलवर काढलेल्या एखाद-दुसऱ्या फोटोनेच ते सगळे भरून गेले असते. आता तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये अख्ख्या घराच्या आठवणी बसतात. सोय मोठी, पण सगळे एकाच टोपलीत.

आवाजांतही फरक असतो. काम चालू असताना येणारी बारीक कुरकुर नेहमीची. कमी-जास्त होणारी घरघर बहुधा पंख्याची. सैल स्क्रूमुळे पेटी थरथरते, सैल केबलमुळे किंवा वीज कमी मिळाल्यानेही डिस्क टकटक करते. पण टक्-टक्-टक्, शांतता आणि पुन्हा तेच, असा ठेका धरला तर वाचणाऱ्या टोकाला आपली जागा सापडत नाही असे समजावे. घासल्यासारखा किंवा कर्कश आवाज आला तर क्षणभरही न थांबता वीज बंद करावी.

पुतण्याने डिस्क काढून डॉकमध्ये ठेवली, आपल्या लॅपटॉपला जोडली आणि डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती पाहिली. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती दिसते. आमच्या डिस्कमध्ये वाचता न येणारे, खूण करून ठेवलेले बरेच तुकडे निघाले. पण नोंद स्वच्छ असती तरी निर्धास्त राहता आले नसते. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. उलट तपासणीत वाचनाची पहिली चूक दिसली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट होती. म्हणजे इशारा मिळाला तर तो खरा मानावा. मिळाला नाही म्हणून झोपून राहू नये.

“ही किती दिवस चालेल?” यांनी विचारले.

“महिनाभर चालेल, नाही तर दहा मिनिटे. चाचा, आधी काय काढायचे ते सांगा.”

या प्रश्नावर घरात एकमत होईना. जीएसटीची तारीख तोंडावर होती, म्हणून यांचे म्हणणे हिशेब आधी. मुलीला दहावीच्या नोट्स हव्या होत्या, धाकट्याला त्याचे सिनेमे. मी एक कोरा कागद घेतला, मधोमध रेघ ओढली. एका बाजूला लिहिले ‘पुन्हा मिळेल’, दुसऱ्या बाजूला ‘पुन्हा मिळणार नाही’.

सातबारा डिजिटल सहीसह सरकारच्या संकेतस्थळावरून पुन्हा निघतो. दहावी-बारावीची गुणपत्रके डिजिलॉकरमध्ये मिळतात. बँकेचे उतारे बँक देते. सिनेमे तर मिळतातच. नोट्स मैत्रिणीकडून घेता येतात. हिशेबाला वेळ लागला असता, पण बिलांची फाइल कपाटात होती, त्यावरून तो पुन्हा मांडता आला असता. एकेक करत सगळे पहिल्या बाजूला गेले. दुसऱ्या बाजूला उरले मुलांचे लहानपणचे फोटो, नणंदेच्या निकाहचे चित्रण आणि आमच्या मरहूम सासूबाईंच्या अकरा ध्वनिफिती.

सासूबाईंचा इंतकाल दोन वर्षांपूर्वी झाला. शेवटच्या वर्षात पुतण्याने दादीला बोलते केले आणि फोनवर सगळे टिपून ठेवले. खिचड्याचे गहू किती वेळ भिजवायचे, लग्नात कोणती गाणी म्हणत, कोणाचे घर कोणत्या गावचे. तो फोन पुढे पाण्यात पडून गेला. तोवर फिती संगणकावर आल्या होत्या, पण आता त्या तेवढ्याच ठिकाणी होत्या.

त्यांतली नववी फीत धरणाची होती. टाटांचे मुळशी धरण होऊ नये म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तरी धरण झाले, गावे आणि शेते पाण्याखाली गेली. सासूबाईंच्या सासूबाई तेव्हा लहान होत्या. पाणी यायच्या आधी घरातून काय काय उचलले, कोणती वस्तू बैलगाडीत बसली आणि कोणती मागे राहिली, हे त्यांनी सुनेला सांगितले होते आणि सुनेने नातवाला. आमच्या घरात ती हकिकत लिहिलेली कुठेच नाही.

यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “आधी अम्मीचा आवाज घे. हिशेब मी बघतो.”

पहिल्या आठ फिती सहज निघाल्या. नवव्या फितीवर डिस्कने पुन्हा ठेका धरला. पुतण्या तिथे अडून बसला नाही. ती सोडून दहावी घेतली, अकरावी घेतली, मग फोटो, मग चित्रण, मग हिशेब. डिस्क गरम झाली की तो ती बंद करून थंड होऊ देत होता. सगळ्यात शेवटी डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम लावला. तोही याच रीतीने काम करतो: वाचता येते ते आधी घेतो, अडते तिथे खूण करून पुढे जातो आणि राहिलेल्या जागांकडे मागाहून वळतो. तो रात्रभर चालला. सकाळी नववी फीत निघाली, पण चौदा मिनिटांपैकी सहाच मिनिटे ऐकू येतात. बैलगाडी दारात उभी राहते आणि आवाज थांबतो.

आम्ही कराडला फुफींना फोन केला. त्यांना ती हकिकत आईकडून ऐकून माहीत होती. त्यांनी ती पुरी सांगितली आणि आम्ही ती टिपून घेतली. हकिकत राहिली. त्या आठ मिनिटांतला अम्मींचा आवाज गेला. हे ऐकून हे बराच वेळ अंगणात जाऊन बसले होते.

अशी वेळ आली तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डिस्क पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नये. दुरुस्तीचा किंवा डीफ्रॅगचा प्रोग्रॅम लावू नये, त्याने आजारी डिस्कला आणखी राबावे लागते. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये, आत दव धरते. घरी उघडू तर मुळीच नये. धुळीचा एक कण त्या टोकाला पुरतो. चालू करताच टकटक होत असेल आणि संगणकाला ती दिसतच नसेल, तर स्वतः हात न लावता माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. खर्च हजारांत जातो, पण त्याच्याही हातात काही उरलेले असावे लागते.

आता आमच्याकडे यूपीएस आहे आणि ‘पुन्हा मिळणार नाही’ या यादीच्या तीन प्रती आहेत: एक नव्या डिस्कवर, एक कपाटातल्या डिस्कवर आणि एक फुफींच्या घरी कराडला. एक टीबीच्या डिस्कमधले हे सगळे मिळून चाळीस जीबीसुद्धा भरले नाही. नवी डिस्क एसएसडी आहे. तिच्यात फिरणारे काहीच नाही, त्यामुळे ती कधी टकटक करून इशारा देणार नाही. म्हणून रमजानच्या आधी घर झाडतो, भांडी घासतो, त्याच दिवसांत एक तास काढून तिन्ही प्रती उघडून, ऐकून पाहायच्या असे ठरवले आहे. तुमच्या घरीही असा कागद करून पाहा. मधोमध रेघ ओढायची आणि घरातल्या प्रत्येकाला विचारायचे. दुसऱ्या बाजूला काय येते ते घरातल्यांनाही आधी माहीत नसते.