देवासचा समुद्र धारला

आपल्या भागात देवास म्हटले की कुमार गंधर्व आठवतात. जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा. क्षयाच्या दुखण्यात कोरडी हवा मानवेल म्हणून 1948 साली ते देवासला गेले आणि तिथलेच झाले. त्याच कोरड्या हवेवर माझे मामा मात्र कावलेले असत. त्यांच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची काचपेटी होती आणि उन्हाळ्यात ही हवा तिच्यातले पाणी रोज तांब्याभर तरी पिऊन टाकी. गंमत अशी की उडते ते नुसते पाणी. मीठ मागेच राहते. म्हणून या समुद्रात रोजची भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे माझ्या डोक्यात शिरायला दोन सुट्ट्या लागल्या.

पेटी खरे तर मामींची. त्या मालवणच्या, लग्न होऊन माळव्यात आल्या. पेटीत दोन क्लाउन मासे, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. मोठीचे नाव थोरली पाती, लहानाचे धाकटी पाती! देवासचे संस्थान दोघा पवार बंधूंमध्ये वाटले गेले होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. एका गावात दोन राजे. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांकडे खासगी चिटणीस होता. मामी म्हणत, "राजे गेले, पण आमच्याकडे दोन्ही पात्या एकाच घरात नांदतात."

मामी गेल्या. मामांनी पुण्याला मुलाकडे जायचे ठरवले आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मला बोलावून पेटीचे दीड हजार रुपये मागितले. मी चकितच झालो. "फुकटची वस्तू माळ्यावर जाते," ते म्हणाले, "पैसे मोजलेस तर सांभाळशील."

पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर एकशेनव्वद लिटर पाणी, म्हणजे तेवढेच किलो वजन. भरलेली उचलण्याचा प्रश्नच नाही. अर्धे पाणी पाच जारमध्ये भरले. मासे प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत, पिशव्या थर्माकोलच्या डब्यात. वाळू वेगळी, दगड वेगळे. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून मामींचे दगड भाजलेल्या मातीचे, भोकाभोकांचे. मामा निघताना काहीतरी सांगत होते, पण टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

तो टेम्पोवाला देवासचाच. जारमधले पाणी खारे आहे हे कळल्यावर त्याने गाडीच थांबवली. "भैया, हमारे यहाँ मीठे पानी की रेल आती थी, और तुम खारा ढो रहे हो?" खोटे नव्हते. 1990 साली देवासला खरोखरच इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. इंदूरमार्गे शंभर किलोमीटर तो अधूनमधून हसत होता.

धारला आजी दारातच उभी. "समुद्र कशाला रे आणलास घरात?" बाबांनी माझी बाजू घेतली. आमच्याच जिल्ह्यात बाघजवळच्या खडकांत शार्कचे दात आणि शिंपले सापडतात; नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता. "आई, तो परत आलाय म्हणायचा," बाबा म्हणाले. आजीला हे पटले नाही, पण तिने पेटीसाठी भिंतीकडची जागा रिकामी करून दिली.

आता माझ्या शहाणपणाकडे येतो. पेटीचे सांधे जुने, म्हणून आधी साधे पाणी भरून दोन तास गळती पाहिली, इथपर्यंत ठीक. नव्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅम समुद्री मीठ कालवले; तेही ठीक. (स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे बरेच काही असते.) मग दगडांवरचा तपकिरी बुळबुळीत थर मला घाण वाटला. मी ते नळाखाली घासून लख्ख केले. वाळूही धुतली. जीवशास्त्राचा विद्यार्थी मी! माशांच्या मलमूत्रातून अमोनिया सुटतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू त्याच थरात राहतात, आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यांना मारते. हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिले होते. देवासहून आणण्यासारखे खरे तेच होते. पाणी तर कुठेही कालवता आले असते.

तिसऱ्या दिवशी तपासणीच्या नळीत पिवळ्याऐवजी गडद हिरवा रंग आला. अर्धे पाणी बदलले, पुन्हा बदलले. थोरली पाण्याच्या वरच्या थराशी येऊन धापा टाकू लागली. पाचव्या दिवशी सकाळी ती वाळूवर आडवी पडलेली होती.

मामांचा फोन रोज संध्याकाळी येई. माशांचे विचारत नसत, एवढेच विचारत, "पाणी कसे आहे?" चार संध्याकाळी मी "छान आहे" म्हणालो. पाचव्या संध्याकाळी आजी शेजारी येऊन बसली आणि नुसती बघत राहिली. मग सांगितले.

बराच वेळ पलीकडून आवाज नाही.

"दगड धुतलेस ना?"

"हो."

"निघताना तेच सांगत होतो. मीही पहिल्यांदा धुतले होते. तुझ्या मामीने आठवडाभर अबोला धरला होता." थोड्या वेळाने म्हणाले, "धाकटी खाते का?"

"आज दोन दाणे खाल्ले."

"मग राहील. दिवा दहाला बंद करत जा. तिला सवय आहे."

या जातीत सगळे मासे जन्मतः नर असतात. जोडीतली मादी गेली की उरलेला नर काही आठवड्यांत मादी होऊ लागतो. म्हणजे आमची धाकटीच आता थोरली होणार. हे मामांना फोनवर सांगावेसे वाटले, पण सांगितले नाही.

मी वसतिगृहावर परतलो आहे. पेटीच्या काचेवर मी पेनाने पाण्याची रेघ मारून ठेवली आहे. आजी तुळशीला पाणी घालून आली की फिल्टरचे पाणी तांब्यातून त्या रेघेपर्यंत भरते. दुसरा मासा आणायचा की नाही, ते तिने अजून ठरवलेले नाही.