अधिकार आणि पात्रता

सर्वांस सर्व अधिकार दिले म्हणजे अडचण मिटते, अशी समजूत एकत्र कुटुंबांत पुष्कळदां आढळते. ती किती फोल आहे, हें लिनक्सवरील पोस्टग्रेस या डेटाबेसावरून चांगलें कळतें.

आमच्या तीर्थरूपांनीं जमविलेल्या पोथ्यांची सूची त्यांत आहे. जुनी डिस्क निकामी होऊं लागली, म्हणून चिरंजीव पुतण्यानें ती 'रूट' या सर्वाधिकाऱ्याच्या नांवें नव्या डिस्कवर उतरविली. आणि डेटाबेस सुरूच होईना. मग त्यानें फोल्डरास ७७७ हा अंक दिला. वाचनाचे ४, लेखनाचे २ व प्रवेशाचा १ मिळून ७. मालक, गट व इतर या तिघांसही पूर्ण मोकळीक! तरी नकारच.

सेवेच्या नोंदवहींत कारण स्वच्छ लिहिलें होतें : मालकी चुकीची. मालकी 'पोस्टग्रेस' या सेवकाच्या नांवें करतांच दुसरी तक्रार आली : अधिकार अवाजवी. ७०० केल्यावर, म्हणजे मालकाखेरीज सर्वांस मज्जाव केल्यावर, सूची सुखरूप उघडली. २०१८ सालच्या ११ व्या आवृत्तीपासून ७५० ही चालतें. त्यांत गटास वाचन व प्रवेश मिळतो, लेखन मात्र नाहीं. वरच्या प्रत्येक फोल्डरांत सेवकास प्रवेश आहे ना, हेंही पाहावें. खुद्द रूटनें चालवूं म्हटलें, तरी हा डेटाबेस चालत नाहीं!

मीमांसक 'अधिकार' हा शब्द कर्माच्या पात्रतेविषयीं योजितात. कोठीची किल्ली जिच्या कमरेला, तिनेंच कोठी उघडावी. यांत इतरांचा अपमान नाहीं, धान्याचें रक्षण आहे.