फिरकी आणि बोटांवरचा ओलावा

फिरकी शिकणाऱ्या मुलांना एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगितली जाते: हात कोरडा ठेवा. हा सल्ला अर्धाच खरा आहे. नोटा मोजणारा बोट ओलं करतो, ते उगाच नाही. अगदी कोरडी कातडी कडक असते आणि चेंडूच्या चामड्याला मोजक्याच ठिकाणी टेकते. थोडा ओलावा मिळाला की ती मऊ पडते, तिचा जास्त भाग चामड्याला भिडतो आणि घर्षण वाढतं. ओलावा फार झाला की मात्र मध्ये पाण्याचा थर येतो आणि चेंडू निसटतो. चांगली पकड या दोन टोकांच्या मधे असते. नागपूरच्या गोलंदाजाला ही दोन्ही टोकं वर्षभरात भेटतात: मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि हवा ठणठणीत कोरडी, तर थंडीत दिव्यांच्या उजेडात खेळताना चेंडूवर दव.

कुणी म्हणेल, निसटतो तर घट्ट धरा. खरी मेख इथेच आहे. स्वीडनच्या योहान्सन आणि वेस्टलिंग या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवलं की पृष्ठभाग निसरडा असेल तर बोटं न सांगताच जास्त दाब देतात. वस्तू उचलताना ही सोय उत्तम, पण फिरकीत तीच घात करते. दाब वाढला की बोटं आणि मनगट ताठरतात, चेंडूला पीळ बसत नाही, तो नुसता ढकलला जातो. मग आपण खांदा तपासतो, रनअप तपासतो. कातडीकडे कुणी बघत नाही.

दुसरा आक्षेप नियमांचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूरजवळच्या जामठ्याच्या कसोटीत रवींद्र जडेजाने सुजलेल्या तर्जनीला मलम लावलं. ते केवळ उपचारासाठी होतं आणि चेंडूला लागलं नाही, हे सामनाधिकाऱ्यांनी मान्य केलं. तरीही पंचांची परवानगी न घेतल्याबद्दल सामन्याच्या मानधनातले २५ टक्के कापले गेले. यातून बोटांना हातच लावू नये असा धडा घेणं चूक आहे. नियम चेंडूला जपतो आणि मैदानावर विचारायला सांगतो. आदल्या रात्री भेगांना तेल चोळायला तो आडवा येत नाही. मोठे गोलंदाज कुठल्याही हवेत टाकतात हे खरं, पण बोटांची बदललेली जाणीव ओळखून ते पकड सैल-घट्ट करतात, म्हणूनच. ही ओळख शिकवता येते. उन्हाळ्यात बोटांची निगा, थंडीत मुद्दाम ओल्या चेंडूने सराव, आणि प्रत्येक षटकाआधी बोटं एकमेकांवर घासून पाहण्याची सवय, इतकं प्रत्येक नेटमध्ये आजपासून सुरू व्हायला हवं.