चुंबक

१० जानेवारी, भिवंडी
रात्रपाळी. सॉर्टरच्या तीन नंबर जाळीचं दार पुन्हा ट्रिप. लाइन सहा वेळा बंद. दार बंदच असतं. बिजागरी सैल झालीय. थरथर झाली की दारावरचं चुंबक स्विचपासून सरकतं, पीएलसीला वाटतं दार उघडलं. साहेब म्हणाले, स्टोअरमधलं सुटं चुंबक स्विचला चिकटव, सेल संपल्यावर बघू.
चिकटवलं. वर काळी टेप. लाइन सकाळपर्यंत पळाली.

११ जानेवारी
सिद्धेश्वर एक्सप्रेस. वरचा बर्थ. झोप नाही.
आता दार उघडून कुणी आत हात घातला तरी लाइन थांबणार नाही.

१२ जानेवारी, भवानी पेठ, सोलापूर
कडक भाकरी, शेंगा चटणी, दही. खाली अण्णांचे चार माग, दोनच चालू. टॉवेल.
अण्णा सकाळीच चार हुतात्मा पुतळ्यांपाशी जाऊन आले. १९३१ साली आजच्या दिवशी येरवड्यात फाशी झाली. दरवर्षी जातात. गिरणीतले जुने फार कमी दिसले म्हणाले.

१३ जानेवारी
गड्डा यात्रेतला अक्षता सोहळा. संमती कट्ट्याकडे पाय ठेवायला जागा नाही. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंद्या. गर्दीत खिशातला फोन थरथरला. पोटात गोळा. मित्राचा निघाला. "गड्ड्यावर येतो का बे?"

१४ जानेवारी
संक्रांत. आईने विचारलं, तू नक्की करतोस काय तिथे? सांगितलं. पार्सल येतं, कॅमेरा बारकोड वाचतो, गाड्यावरचा छोटा पट्टा नेमक्या वेळी फिरतो, पार्सल आपल्या पिनकोडच्या घसरगुंडीत पडतं. "मग तू काय करतोस?" ते थांबलं की जातो.
अण्णा वर बसून म्हणाले, दोन नंबरचा पिकर झिजलाय. खाली जाऊन उघडला. झिजलेला. मला आधी स्क्रीनवर अलार्म लागतो.

१५ जानेवारी
होम मैदानावर शोभेचं दारूकाम. गच्चीतून बघितलं, थोडंच दिसलं.
तिकडच्या जोडीदाराला फोन केला. चुंबक काढ म्हटलं.
"सव्वीस जानेवारीचा सेल आहे रे. जाम निघतायत रात्रभर. पोरं दार उघडून काढतात. साहेबांशी तू बोल."
साहेबांना मेसेज. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.
पोरं दार उघडून काढतात.

१६ जानेवारी
धोट्याच्या वाटेसमोर आडवी सळई असते. धोटा उडालाच तर अडावा म्हणून. तुटलेलं सूत जोडताना हाताला अडचण होते तिची. आज लक्ष गेलं. तीन मागांना सळई आहे. चौथ्याला नुसती भोकं. इतकी वर्षं बघतोय हा माग.
विचारलं. अण्णा धोट्यात कांडी घालत होते. बऱ्याच वेळाने बोलले.
"मीच काढली. कारागीर म्हणाला, हात अडतो. आठवड्याच्या आत धोटा डोळ्याला लागला त्याच्या."
"मग?"
"मग काय. तो माग तेव्हापासून मीच चालवतो. दुसऱ्याला देत नाही."

पहाटे तीन. जागा.

१७ जानेवारी
सळई आणली. कापली, टोकं घासली. जुन्या भोकांत गंज होता, टॅप फिरवून साफ केली. चौथ्या मागाला बसवली. अण्णा दारात उभे होते. जवळ आले, सळई हाताने हलवून बघितली. पुन्हा हलवली. काही बोलले नाहीत.
रजा दोन दिवस शिल्लक. आई चिडली. रात्रीच्या गाडीने निघालो. डब्यात तिळाच्या पोळ्या.

१८ जानेवारी, भिवंडी
रिक्षावाल्याने मधल्या गल्लीतून आणलं. दोन्ही बाजूंना मागांचा आवाज. मग हायवे, मग गोदामं.
पाळीच्या सुरुवातीलाच लाइन बंद केली. मेन स्विचला माझं लाल कुलूप, किल्ली गळ्यात. चुंबक काढलं. बिजागरी बदलली, स्विच नीट समोरासमोर आणला. दार दहा वेळा उघडून बघितलं. दहाही वेळा लाइन थांबली. एकूण चाळीस मिनिटं. साहेब घड्याळ बघत उभे. कारण काय लिहायचं, म्हणाले.
लॉगबुकात मीच लिहिलं : १० तारखेला स्विचला चुंबक मी लावलं होतं. आज काढलं.
खाली सही केली.